सरलाबाईंचं नाव मी घेतलं

नवागाम, सुरत
१९ जानेवारी १९९७

धनू,

तू पोहोचलीस की नाही, हे मला रेल्वेच्या माणसांनी कळवायचं का? आठ दिवस झाले तुला जाऊन. दोंडाईचा स्टेशनपासून तुझं घर पायी दहा मिनिटं. एक कार्ड टाकायला काय झालं होतं? तुझे बाबा म्हणतात, "तिला टाके आहेत, बाळ लहान आहे, लिहील सावकाश." ते असंच म्हणणार. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढली त्यांनी, आता घरात कोण बोलतंय आणि कोण बोलत नाही, त्यांना सगळं सारखंच.

मला मात्र कळतं. स्टेशनवर तू वाल्मिकरावांच्या मागे जाऊन उभी राहिलीस. पाया पडली नाहीस ते सोड, वाकता येत नसेल. पण "येते आई" एवढं म्हणायला पोटावर ताण पडतो का गं? जावई बिचारे ओशाळले. माझ्या हातातली डिंकाच्या लाडवांची बरणी त्यांनी घेतली, तीही तू नाही घेतलीस.

तुझा राग कशावरून आहे ते मला ठाऊक आहे. सरलाबाईंवरून. अगं, ती दवाखान्याच्या वॉर्डातली आयाबाई. आपली कोण लागते ती? आणि मी काय खोटं बोलले? सिझर झालं की आठव्या दिवशी टाके काढून बाई घरी जाते. तू एकेचाळीस दिवस त्या खाटेवर काढलेस. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू आला, सातव्या दिवशी पोट पुन्हा उघडं करून ठेवलं, रोज त्यात औषधाच्या पट्ट्या भरत होते आणि तू माझं मनगट धरून ओरडत होतीस. तापानं आणि इंजेक्शनांनी तुझं दूध आटलं. तान्ह्या पोरीला मी वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजलं. आणि तू एकटी नाहीस, खिडकीकडच्या ओळीतल्या सात जणींपैकी पाच जणींचं तेच. मग कुणीतरी जबाबदार असणारच ना! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, सरलाबाई ज्या फडक्यानं खाटा पुसायची त्याच फडक्यानं मलमपट्टीची गाडी पुसायची. ते मी बोलले. मोठ्यानं बोलले, हो! तुझे बाबा आणि लूमच्या खात्यातली चार माणसं आली, दवाखान्याच्या ट्रस्टचे साहेब आले, आणि संध्याकाळच्या आत तिला घरी पाठवलं. सगळ्या ओळीनं मला दुवा दिला.

त्या वॉर्डात मी कुणाचं केलं नाही ते सांग. कुणाचं पोर झोपवलं, कुणाची वेणी घातली, कुणाची सैल झालेली पट्टी नीट बसवून दिली. मंदा तर मला सख्ख्या मावशीपेक्षा जास्त मानते. आणि माझी पोटची पोर त्या दिवशी डोक्यावरून पांघरूण घेऊन भिंतीकडे वळली, ती आजवर वळलेलीच आहे.

बाळाला काजळ घालू नकोस. डोळे येतात. आणि उत्तर लिही.

आई


७ फेब्रुवारी १९९७

धनू,

वाल्मिकरावांचं कार्ड आलं. दीड ओळ. "सर्व खुशाल. मुलीचे नाव गायत्री ठेवले." बस. आपल्या खोलीच्या दारात उभी राहून मी ते पाच वेळा वाचलं, मागे काही लिहिलंय का बघितलं, तर मागे आपलाच पत्ता.

नाव छान आहे. मला विचारलं असतंस तर मीही हेच म्हटलं असतं. पण बारसं झालं आणि आजीला बोलावणं नाही, हे गल्लीत मी कुणाला सांगू? मी खोटंच सांगितलं. म्हटलं, मला ताप होता म्हणून जाता आलं नाही. शेजारीण लगेच काढा घेऊन आली आणि मला तो प्यावा लागला. हसू नकोस. नाही, हसलीस तर हस.

काल मंदाला भेटायला गेले होते. मंदा गं, तुझ्या डाव्या हाताच्या खाटेवरची, परभणीकडची, नवरा बांधकामावर जातो ती. अजून तिथेच आहे. तिचे टाके दुसऱ्यांदा घातले होते, तेही उसवले. इतकी वाळलीय की खाटेवर चादरच टाकलीय असं वाटतं. तिचा मुलगा सासूजवळ आहे, तो आता तिला ओळखत नाही, तिच्याकडे दिला की रडतो. मी खिचडी नेली होती, ती भरवली.

वॉर्डाची दशा बघवत नाही. तुझ्या खाटेवर एक, तिच्या पायाशी दुसरी, आणि दोघींच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून तिसरी. आठ दिवसांत घरी जायच्या बाया महिना महिना पडून राहिल्यावर नवीन येणारीनं कुठे जायचं? मी होते तेवढ्यात कळा देणारी एक पोरगी आली, तिला दारातूनच रिक्षात घालून दुसरीकडे पाठवलं. सिस्टर एकटी. तीस खाटा आणि ती एकटी! गाडीला टेकून उभ्या उभ्या रडत होती, मला बघून डोळे पुसले आणि म्हणाली, "मावशी, जरा बाजूला व्हा." प्लेग येऊन गेल्यापासून सगळं सुरत झाडूनपुसून चकाचक केलंय, आपल्या नवागामातही झाडूवाल्या रोज येतात. आणि वॉर्डातल्या बेसिनला नळ आहे तर पाणी नाही.

आता तुला एक सांगते. सरलाबाई कामावरून जाऊन दोन महिने होत आले. तिच्या जागी जवान आयाबाई आलीय, तिच्याकडेही फडकं एकच आहे. आणि पू थांबलेला नाही. मंदा सांगत होती, तू गेल्यावर आणखी चौघींना झालं. मी म्हटलं, आधीचंच राहिलेलं असेल.

मोठ्या दवाखान्यातला एक डॉक्टर येऊन गेला म्हणे. कापसाच्या काडीनं त्यानं सगळ्यांच्या नखांखालचं काचेच्या नळीत घेतलं, सिस्टरचं, आयाबाईचं, शिवाय औषधाच्या वाडग्यातलं आणि बेसिनच्या कडेचं. मग एकेका बाईला विचारत गेला, "घरच्या कुणी जखमेला हात लावला होता का?" मंदा म्हणाली, "मी नाही म्हणून सांगितलं, मावशी." असं म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला आणखी एक घास भरवला.

गायत्रीला पोटाची मालिश घड्याळाच्या काट्यासारखी गोल कर. वरच्या दुधानं वारा धरतो.

आई


२५ फेब्रुवारी १९९७

धनू, माझी बाय,

तू लिहीत नाहीस तरी मी लिहिते. आता मला सवयच लागली. सुट्टीच्या दिवशी चहा झाला की निळं पत्र घेऊन बसते, तुझे बाबा म्हणतात, "बसली आमची सरपंचीण कागदावर."

सरलाबाई भेटली.

उधन्याला बाजारात गेले होते. धान्याच्या एका दुकानाच्या पायरीवर तीन-चार बाया गहू निवडत बसल्या होत्या, त्यांतली एक मान वर करून बघायला लागली. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मी वळणार होते, खरं सांगते. पण तिनंच हाक मारली. अमरावतीकडची बोली, तुला ठाऊकच आहे कशी बोलते ती.

"काऊन वो बाई, पोरगी कशी हाय?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"जखम भरली काय? दूध येऊन राहिलं काय तिले?"

धनू, मी तिची भाकरी घालवली आणि ती मला तुझ्या दुधाचं विचारत होती! मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या मला देता येतात, घेताही येतात. मी म्हटलं, "दूध आटलं, पण बाळ बाळसं धरतंय, गायत्री नाव ठेवलं." तिनं पदरानं हात पुसले, सूप बाजूला ठेवलं, मला बसायला जागा केली. मला बसवेना. उभ्या उभ्याच मी म्हटलं, "सरलाबाई, ते फडक्याचं मी डोळ्यांनी बघितलं होतं." आता या वेळी हे बोलायची काय गरज होती? माझी जीभच मेली अशी.

ती म्हणाली, "खरं हाय तुमचं. फडकं एकच द्यायचे वो. साबण मागितला का म्हनत, पुढच्या हप्त्यात. मी त्याच बादलीत पिळून त्याच फडक्यानं पुसत होते. मीच काय मोठी शुद्ध."

मग ती आणखी एक वाक्य बोलली. ते मी आज लिहीत नाही.

परतताना उन्हात चालत आले. रिक्षा नाही केली. घरी येऊन तुझ्या बाबांना वाढलं, मला जेवण गेलं नाही. तुला त्या बाईचा एवढा लळा का होता, मला नीट आठवायला लागलंय. तुझ्या केसांत गुंता झाला होता तर दोन दुपारी बसून तिनं तो सोडवला. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, ही कोण माझ्या पोरीच्या डोक्याला हात लावणारी? जळत होते मी, धनू. तिच्यावर जळत होते.

उत्तर नको लिहूस. नुसता रिकामा कागद पाकिटात घालून पाठव, त्यावर गायत्रीचा पाय उमटवून. मला तेवढं पुरेल.

आई


९ मार्च १९९७

धनू,

हे पत्र वाल्मिकरावांना वाचायला देऊ नकोस. आधी तू वाच, मग तुझं तू ठरव. तुझ्या बाबांनाही मी हे सांगितलेलं नाही.

परवा खात्यात बॉबीन भरत होते. सुताची तार तुटली. आता तार तुटली की काय करायचं, हे मला डोळ्यांनी बघावंही लागत नाही. मशीन थांबवायचं, दोन्ही टोकं धरायची, बोट जिभेला लावायचं, पीळ द्यायचा, गाठ मारायची, उरलेलं टोक आत सारायचं. सतरा वर्षं झाली. दिवसातून शंभरदा, दोनशेदा. माझी जीभ त्या बोटाला इतकी सरावलीय की घरी सुई ओवतानाच काय, पत्राचं पान उलटतानाही बोट तोंडात जातं. परवा तसंच गेलं आणि मी ते बोट तोंडातून काढून बघत बसले. शेजारची ओरडली, "उषाबाई, मशीन!" माझ्या हातात तारेचा सगळा गुंता झाला होता.

सरलाबाई त्या दिवशी पायरीवर जे बोलली ते हे: "बाई, मी तुम्हाले सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हून."

ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. दुपारी पहिली पाळी सुटल्यावर मी तशीच तुझ्याकडे आले. हातपाय धुतले नव्हते, नखांत मशीनचं तेल होतं, तोंडात मिशेरी होती. तू रडत होतीस. म्हणालीस, "आई, टोचस वं." पट्टी एका बाजूनं सुटली होती आणि टाक्याच्या दोऱ्याची टोकं वर आली होती, ताठ, काळी. परकराची नाडी त्यांना घासत होती. मी सिस्टरला हाक मारली, ती दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी सलाइनपाशी होती, म्हणाली, "आवू छुं, मासी." अर्धा तास झाला, ती आली नाही. येणार कुठून बिचारी! तू ओठ चावत होतीस. मी म्हटलं, "थांब माय, मी करस."

आणि केलं. खात्यात करते तसंच. बोट जिभेला लावलं, दोन्ही टोकं धरून पीळ दिला, गाठ मारली, टोकं पट्टीखाली सारली, पट्टी दाबून बसवली. तू एक मोठा श्वास सोडलास आणि झोपलीस. तीन दिवसांत पहिल्यांदा झोपलीस. मला इतकं बरं वाटलं, धनू, म्हणून सांगू! वाटलं, एवढे शिकलेले लोक, आणि माझ्या पोरीचं दुखणं थांबवलं कुणी? मी.

मंदा बघत होती. म्हणाली, "मावशी, माझंही टोचतंय." मग तिचं केलं. तिच्या पलीकडच्या दोघींचं केलं. चौघींचं. मध्ये हात धुतले नाहीत, प्रत्येकीला बोट जिभेला. दुसऱ्या दिवशीही केलं, पट्ट्या पुन्हा सुटल्या होत्या. तेव्हा सरलाबाई बादली घेऊन आली, तिनं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "जखमेले हात लावू नका वो, बाई." सगळ्यांसमोर म्हणाली. मला झोंबलं. फरशी पुसणारी बाई मला शिकवते! मी म्हटलं, "तू तुझं फडकं बघ." आणि त्याच दिवसापासून मी तिचं फडकं बघायला लागले.

पू आला तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. का होता ते आता तुला सांगायला नको. मला तेव्हा कळत होतं का? खरं सांगते, मला स्वतःलाच उमगत नाही. कळत होतं आणि मी कळू देत नव्हते, असं काहीतरी. ती सातव्या खाटेवरची, दाराजवळची बाई, तिला मी कधीच हात लावला नव्हता आणि तिलाही पू झाला. तिला धरून मी तीन महिने काढले. रोज मनात म्हणायचे, तिला कुठे मी हात लावला होता?

तुझं पोट माझ्या बोटानं नासलं असेल. तुझं दूध माझ्या बोटानं गेलं असेल. आणि त्यापायी मी एका गरीब बाईला कामावरून काढवलं. तू माझ्याशी बोलत नाहीस ते सरलाबाईसाठी. आता हे वाचून तू जन्मात बोलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. नाही लिहिलं तर मला गायत्रीचं तोंड बघायचा हक्क नाही.

उद्या पोस्टात टाकते. आज टाकलं तर पेटीत हात घालून परत काढेन.

तुझी आई


२१ मार्च १९९७

धनू,

माझं ते पत्र मिळालं का, हे विचारायची छाती नाही. पुढे काय झालं तेवढं कळवते.

दवाखान्याच्या मेट्रनबेनकडे गेले होते. खात्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली, चांगलं लुगडं नेसले आणि तिच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "बेसो ने, उषाबेन," म्हणाली. मी बसले नाही. सगळं सांगितलं. कसं केलं तेही हातानं करून दाखवलं. ती एकदम ताडकन उठली, मला वाटलं आता मुस्काटात मारते. "मोढानुं थूंक? टांका उपर?" असं म्हणून तिनं कपाळावर हात मारला. मग मला इतकी बोलली, इतकी बोलली! हिंदीत, गुजरातीत, मध्येच मराठीत. सगळं रास्त होतं. मी ऐकून घेतलं.

मग दमली आणि खुर्चीत बसली. कपाटातून त्या डॉक्टरचा कागद काढला. म्हणाली, जो जंतू तुमच्या पोरीच्या टाक्यांत होता तोच औषधाच्या वाडग्यात सापडला, चिमट्याच्या बरणीत सापडला, बेसिनच्या कडेला सापडला, एका डॉक्टरच्या आणि दोन सिस्टरांच्या हातांवर सापडला. सकाळी भरलेला वाडगा संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळीला फिरायचा. एकीच्या पट्टीत घातलेला चिमटा दुसरीच्या पट्टीत. "तमे एकलां नथी, तुम्ही एकट्या नाही," म्हणाली. "कुणाकडून कुणाकडे गेला, हे आता कुणी सांगू शकत नाही. तुमच्याकडूनही गेला असेल. आमच्याकडूनही."

मी म्हटलं, "मग एकट्या सरलाबाईला का काढलंत?"

ती म्हणाली, "तुम्ही पंधरा माणसं घेऊन आला होता ना."

पंधरा नव्हती, मला धरून सहा होती. पण मी वाद घातला नाही. बघ, सुधारतेय मी.

तिनं मला कोरा कागद दिला. मी मराठीत लिहिलं, जसं तुला लिहिलं तसंच, तिनं खाली गुजरातीत उतरवून घेतलं. मी सही केली. वॉर्डात जाऊन मंदाला सगळं वाचून दाखवलं. मंदा रडायला लागली. मला वाटलं माझ्यावर चिडून, पण म्हणाली, "मावशी, मीच तर तुम्हाला करा म्हटलं होतं." तिनंही सही केली. तिचे टाके या वेळी धरलेत, पुढच्या आठवड्यात घरी सोडणार.

तुझ्या बाबांनाही त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मी पण चार माणसं गोळा केली होती ना." आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

सरलाबाईंच्या घरी मात्र जाता आलं नाही. पत्ता काढला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्या नळावर कळशी भरत होत्या. मी कोपऱ्यावरूनच माघारी आले. सगळ्या वॉर्डासमोर ओरडायला मला दोन मिनिटं लागली होती, आणि एकट्या बाईसमोर माफ करा म्हणायला पाय उचलत नाहीत. तुझी आई अशी आहे, धनू. तोंडाची वाघीण.

आई


६ एप्रिल १९९७

धने, माझे सोन्ये,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमन म्हणाला, "जाड आहे हो मावशी." मी ते ब्लाउजमध्ये घालून खात्यात घेऊन गेले, जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि सुट्टी संपली तरी मला उठवेना.

तू पाहिलं होतंस.

मला वाटलं होतं तू तेव्हा डोळे मिटून होतीस. तू लिहिलंस ते मी आता पाठच केलंय: "आई, तू बोट जिभेला लावलंस ते मी बघत होते. बारावीला आम्हाला जंतूंचा सगळा धडा होता. मला कळत होतं की तुला थांबवायला पाहिजे. पण तुझा हात लागला आणि टोचायचं थांबलं. तीन दिवस कुणाचाच हात तसा लागला नव्हता. मी म्हटलं, असू दे."

असू दे म्हणालीस! माझ्या हाताला असू दे म्हणालीस! अगं वेडे, ओरडायचं नाही का माझ्यावर? एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तर घर डोक्यावर घेतेस.

आणि पुढचं: "सरलाबाईंना काढलं त्या दिवशी मला खरं बोलता आलं असतं. त्या माझ्या खाटेपाशी आल्या, माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. तुझं नाव माझ्या तोंडून निघालं असतं तर तुझं काय झालं असतं, या भीतीनं मी गप्प बसले. तुझ्यावर रागावले नव्हते गं. तुला बघितलं की मला ते पांघरूण आठवायचं. म्हणून स्टेशनवर तुझ्याकडे बघवलं नाही. म्हणून बारशालाही तुला बोलवायची हिंमत झाली नाही."

तीन महिने मी तुला दगड म्हटलं. मनातल्या मनात काय काय बोलले, ते देवाला माहीत. आणि तू तिथे एवढंसं पोर मांडीवर घेऊन माझं पाप राखत बसली होतीस. काल खात्यात सगळ्या बायांसमोर मी हमसून हमसून रडले. शेठ येऊन बघून गेला. आता बस. तू लहान होतीस, टाके ताजे होते, अंगात ताप होता. तुझ्या वाटेचंही मी घेते. नको म्हणालीस तरी घेते.

सरलाबाईंना कामावर घेतलं. सोमवारपासून. मंदाला घरी आणायला गेले होते तेव्हा लांबून बघितलं. आता त्यांच्याकडे दोन फडकी आहेत, एक निळं, एक पांढरं, आणि बेसिनवर साबणाची वडी दोरीनं बांधून ठेवलीय, कुणी नेऊ नये म्हणून. पू मात्र अजून पुरता थांबलेला नाही. दोघीतिघी अजून आहेत. मेट्रनबेननं मला बोलावलंय, भेटीच्या वेळेला दारात उभं राहून घरच्या बायांना सांगायला, की जखमेला हात लावू नका. म्हणाली, आमचं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. मी हो म्हटलंय. आता तू विचारशील सरलाबाईंशी बोललीस का. नाही. पुढे झाले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात कुणीतरी त्यांना हाक मारली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

वाल्मिकराव पाडवा झाला की तुला आणून सोडतो म्हणालेत, असं तू लिहिलंस. त्यांना सांग, सुरतेपर्यंत जायचं नाही, उधन्यालाच उतरायचं. मी फलाटावर असेन. तिथून आपल्या घरी नाही, आधी सरलाबाईंकडे. रविवार बघून ये म्हणजे त्या घरी असतील. तुझं तू सांग, माझं मी सांगते. त्या काय म्हणतील ते म्हणोत. दार लावून घेतलं तर बाहेर बसू, पण या वेळी मी गल्लीच्या तोंडावरून परत येणार नाही, तू सोबत असलीस तर नाही.

गायत्री केवढी झाली असेल आता! तिला घ्यायला माझे हात कसे शिवशिवतात, तुला काय सांगू. पण फलाटावर माझ्याकडे देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. आधी सरलाबाईंच्या मांडीवर ठेव. मी तोवर नळावर हात धुऊन येते.

आई